साबणातली किल्ली

आता ती गल्ली ओळखूसुद्धा येत नाही. शिंप्याच्या दुकानाच्या जागी मोठ्या काचा आल्या, आणि जिन्याखालच्या खोपटात कुणीतरी रिकामे पाण्याचे डबे रचून ठेवलेत. पण त्याच खोपटात एके काळी किल्लीकाका बसायचे. त्यांचं खरं नाव विचाराल तर गल्लीतल्या निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. बायको 'अहो' म्हणायची, बाकी सगळं जग किल्लीकाका.

दुकान म्हणजे तरी काय हो! आत एकाने बसायचं आणि बाहेरच्याने वाकून बोलायचं, एवढीच जागा. मागच्या भिंतीवर खिळ्यांना किल्ल्यांचे झुबके. वारा आला की सगळा संसार खुळखुळायचा. लोखंडाचा कीस, तेलाचा वास, कानशीची ती दातांत शिरणारी करकर. ज्यांनी ती ऐकली त्यांना आजही कुठे लोखंड घासल्याचा आवाज आला की जिन्याखाली वाकलेलं ते टक्कल आठवतं.

हात सोन्याचे होते माणसाचे. कसलंही हट्टी कुलूप त्यांच्यापुढे मान टाकायचं. मात्र स्वतःच्या घराचं दार! ते आयुष्यभर वाकडंच राहिलं. आधी आपल्याकडे ओढायचं, मग किल्ली डावीकडे दीड वेढा, आणि शेवटी खांद्याचा एक धक्का. काकू वैतागून म्हणायची, "अहो, जगाची दारं दुरुस्त करता, आपलं कधी?" काका म्हणायचे, "अगं, चोर आला तर तो आधी शिकवणी लावेल आपल्याकडे." आणि तो विषय पुढच्या वर्षावर जायचा.

पण काकांचं नाव झालं होतं ते त्यांच्या परीक्षेमुळे. जुनी किल्ली हरवलेली, म्हणजे नमुना नाही आणि घरी येऊन कुलूप उघडून द्या म्हणणारा माणूस अनोळखी, असं झालं की काका कानस खाली ठेवायचे.

"डोळे मिटा. आता घराचं दार उघडून दाखवा. हवेतच."

काकांचं म्हणणं असं, की डोकं खोटं बोलेल पण हात बोलणार नाही. ज्याचं घर आहे त्याचा हात विचार करत बसत नाही. एक शाळामास्तरीणबाई आल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून हात फिरवला, आणि सोबत गुडघाही उचलला, कारण त्यांचं दार खाली घासायचं. एका गृहस्थांनी तर दार उघडलं आणि सवयीने चपला काढायला वाकले! समोरचा शिंपी हसून हसून मशीनवर आडवा झाला होता. मग काका निकाल द्यायचे. "घरचा माणूस!" की झालं, हत्यारांची पिशवी उचलून निघायचे. आणि एखादा चाचपडला तर तोंड फिरवून एकच शब्द म्हणायचे, "बाहेरचा." एकदा खरोखरच एक भामटा असा पकडला गेला होता. तेव्हापासून काकांची छाती दोन इंच जास्तच पुढे आली. माणूस ओळखावा तर किल्लीकाकांनी, असं लोक म्हणू लागले, आणि काकांनाही ते पटत गेलं. तिथेच घात झाला.

तो माणूस आला तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. पस्तिशीचा, हडकुळा, नखं काळीकुट्ट, नजर जमिनीवर. गल्लीत कधी न पाहिलेला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून फळीवर ठेवली. आत अंघोळीचा साबण होता, अर्धा झिजलेला, आणि त्यात किल्लीचा ठसा.

काकांच्या भुवया कपाळावर चढल्या. साबणात ठसा! त्यांच्या धंद्यात याचा एकच अर्थ. दुसऱ्याची किल्ली घटकाभर हाताला लागली, आणि मालकाला कळायच्या आत दाबून घेतली. काकांच्या वडिलांनी त्यांना हातात कानस देताना पहिली गोष्ट हीच सांगितली होती, की साबण घेऊन येईल त्याला उंबऱ्याला उभा करायचा नाही.

"किल्ली कुठाय?" काकांनी विचारलं.

"ती... आणता येत नाही."

"का बरं?"

माणसाने शिंप्याकडे बघितलं. शिंप्याचं मशीन थांबलं होतं. चहा प्यायला आलेले दोघे-तिघेही कान टवकारून उभे होते.

"घरी जरा... म्हणजे घरचं असं आहे की..."

"घरचं घरी ठेव," काका म्हणाले. "डोळे मीट. दार उघडून दाखव."

त्याने डोळे मिटले. हात वर आला. उजवीकडे वळला, थांबला, मग डावीकडे वळला, आणि तसाच हवेत लोंबकळत राहिला. डोळे उघडून तो हळूच म्हणाला, "नक्की नाही सांगता येत. मी कधी उघडतच नाही."

हशा पिकला. शिंपी म्हणाला, "अहो, उघडायचं बाकी आहे म्हणून तर आलाय ना तो!"

काकांनी साबण उचलला. त्या ठशावर अंगठा ठेवला आणि असा जोरात फिरवला, की किल्लीचे दात, दांडी, सगळं एका घासात सपाट. साबण त्याच्या हातात परत कोंबून म्हणाले, "आंघोळ कर जा. बाहेरचा कुठला!"

भांडला असता तर कदाचित काकांना शंका आली असती. त्याने साबण रुमालात पुन्हा नीट गुंडाळला, आणि गेला.

आणि मग काय विचारता! काकांनी राईचा पर्वत करायला वेळ लावला नाही. चार दिवसांत 'साबणवाला' गल्लीभर झाला. तो वरच्या वळणावरच्या इमारतीत नुकताच राहायला आलाय, असं कळलं. त्यावर कुणी म्हणालं, दुपारी जिन्यात बसलेला असतो, तासन् तास. कुणी म्हणालं, कोण येतं कोण जातं ते टिपत असणार. काकांनी त्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या बाईंना स्वतः सांगितलं, "ताई, डोळ्यांत तेल घालून राहा. माणूस बरा नाही." बाईंनी दाराला साखळी बसवून घेतली. काकांनीच बसवून दिली.

घरी काकू जेवता जेवता म्हणाली, "अहो, पण चोर असता तर स्वतः राहतो त्याच इमारतीतली किल्ली करायला, भर दुपारी, चारचौघांत आला असता का?"

"तुला काय कळतंय त्यातलं," काका म्हणाले. काकू गप्प बसली, पण तिच्या गप्प बसण्याचासुद्धा आवाज यायचा.

त्यानंतर महिनाही झाला नसेल. संध्याकाळचे पाच. काका एका पेटीचं कुलूप उघडून बसले होते, तोच साबणवाला धावत आला. धाप लागलेली.

"काका, दार उघडून द्या. लवकर चला."

"का रे, आज साबण नाही आणलास?" काका म्हणाले. होय, हेच म्हणाले. हे वाक्य त्यांना पुढे आयुष्यभर पुरलं.

शिंपी हसायला लागला आणि मध्येच थांबला. त्या माणसाची विजार गुडघ्यापर्यंत ओली होती. "दाराखालून पाणी येतंय," तो म्हणाला. "आई आत आहे. ओ देत नाही. खालच्या बाई दार उघडत नाहीत. कुणीच दार उघडत नाहीये, काका."

काकांनी पिशवी उचलली. शिंपीही मागोमाग निघाला, साक्षीला म्हणून. तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवरून खरंच पाणी उतरत होतं. काका गुडघे टेकून त्या पाण्यात बसले. चांगलं जुनं, जड कुलूप होतं, असलं कुलूप त्यांनी डोळे मिटून उघडलं असतं. तारेचा आकडा आत घातला, उजवीकडे दाबला. हलेना. पुन्हा. हलेना. दोन मिनिटं गेली, पाच गेली. कपाळावर घाम. आयुष्यात पहिल्यांदा कुलूप काकांचं ऐकत नव्हतं.

"उलटं बसवलंय ते," मागून तो म्हणाला. "आमच्या जुन्या घरचं आहे. तिथलं दार दुसऱ्या हाताला उघडायचं. इथे सुताराला उलटं करून लावावं लागलं. दुसरं कुलूप लावलं तर आई झोपतच नाही."

काकांच्या डोळ्यांपुढे तो हवेतला हात उभा राहिला. एकदा उजवीकडे वळलेला, एकदा डावीकडे. त्यांनी आकडा उलटा फिरवला. खट्. दार उघडलं.

मोरीच्या उंबऱ्याशी म्हातारी पडली होती. नळ चालू. पांढऱ्या केसांची, मूठभर बाई. डोळे उघडे होते, ओठ निळे पडले होते. गळ्यात दोरा, आणि त्या दोऱ्याची किल्ली तिने मुठीत घट्ट धरली होती. मुलगा तिच्यापाशी बसला तशी ती थरथरत म्हणाली, "तू कोण? माझा मुलगा येईल आता. त्याला सांगेन."

तो म्हणाला, "हो, सांगा. येतोच आहे तो."

आईला तो अहोजाहो करत होता, परक्यासारखा. काका भिंतीला टेकले.

दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी बसले तेव्हा काकांना सगळं समजलं, तुकड्या तुकड्याने. माणूस छापखान्यात होता, म्हणून ती काळी नखं. पहाटे जायचा, दुपारी साडेबाराला परत यायचा. आई आतून कुलूप लावून घ्यायची. तिचं मन वर्षभरापूर्वीच वाट चुकलं होतं. दुपारी कधी मुलाला ओळखून दार उघडायची, कधी नाही. नाही ओळखलं की तो जिन्यात बसायचा. तास, दोन तास, तिची ओळख परत येईपर्यंत. किल्ली ती झोपेतही सोडत नसे. फक्त आंघोळीला जाताना मोरीबाहेरच्या खुंटीला अडकवायची, आणि आतून दर मिनिटाला विचारायची, "आहे ना रे किल्ली?" तेवढ्या वेळात त्याने हाताला लागला तो साबण घेतला होता.

"आज साडेबाराला आलो," तो म्हणाला. "हाका मारल्या. वाटलं, आज ओळखत नाहीये. नेहमीसारखा बसलो जिन्यात. चारला नळाला पाणी सुटतं. साडेचारला ते दाराखालून आलं."

त्याने ओल्या विजारीचं टोक पिळलं.

"डॉक्टर म्हणतात, अकराच्या सुमारास पडली असेल. मी दाराच्या या बाजूला चार तास बसलो होतो, काका. ती त्या बाजूला पडली होती."

हिशोब सोपा होता. किल्ली असती तर साडेबाराला दार उघडलं असतं. काकांनी स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यांना तो अंगठा कापून टाकावासा वाटला. "मी चुकलो," ते म्हणाले. "तो ठसा मी पुसला. आणि गल्लीभर मीच बोंब मारली. मी चुकलो रे."

त्याने माफ केलं नाही. खोटं कशाला सांगायचं? तो पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघत म्हणाला, "दार कुठल्या हाताला उघडतं ते विचारलंत. आत कोण आहे, एवढं विचारायला काय झालं होतं तुम्हाला?"

काका रडले, घरी आल्यावरही. काकू सांगायची, लग्नानंतर तिने त्यांना तसं रडताना एकदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी म्हातारीच्या गळ्यातल्या किल्लीवरून नवी किल्ली घासली. इतकी सुबक किल्ली त्यांनी जन्मात केली नव्हती. ती घेऊन गेले, तर तो म्हणाला, "आता काय करू हिचं? डॉक्टर म्हणालेत, आई आता उठून कुलूप लावू शकणार नाही."

तरी त्याने ती खिशात ठेवली.

म्हातारी खुब्याचं हाड मोडून घरी आली ती खाटेलाच खिळली. आणि काका रोज सकाळी दहाला, दुकानावर 'येतो' असं लिहिलेली पाटी लावून, तिसऱ्या मजल्यावर जाऊ लागले. तो छापखान्यात असायचा तोवर कुणीतरी हवं ना! आधी त्याला ते आवडलं नाही. मग त्याने दारात त्यांच्यासाठी चपलांची जागा केली. मग काकूही जाऊ लागली. तळमजल्यावरच्या बाईंनी एक दिवस साखळी काढून टाकली आणि वाटीभर काहीतरी गरम घेऊन वर आल्या, खालमानेने.

आता गंमत ऐका. पोटच्या पोराला न ओळखणारी ती म्हातारी काकांना पहिल्याच दिवशी म्हणाली, "तू चांगला दिसतोस रे. ही ठेव तुझ्याकडे." आणि गळ्यातला दोरा काढून किल्ली त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी ती ते विसरली. पुन्हा नव्याने काकांकडे पाहिलं, पुन्हा तेच, "चांगला दिसतोस. ठेव." रोज काका तिला अनोळखी, आणि रोज ती त्यांच्यावर भरवसा टाकायची. काका किल्ली घ्यायचे, आणि निघताना तिच्या उशाशी ठेवून यायचे. दोन वर्षं. ती गेली त्या सकाळीही किल्ली काकांच्याच हातात होती.

परीक्षा त्यांनी त्यानंतर कुणाचीही घेतली नाही. अनोळखी कुणी आलं की आतली मोडकी घडवंची बाहेर सरकवायचे आणि म्हणायचे, "बसा. घरी कोण कोण असतं?" शिंपी चिडवायचा, "काका, दुकान काढलंय की सोयरीक जमवताय?" काका हसायचे. साबणवाला हे नाव मात्र कायमचं चिकटलं. तो स्वतःच ते लावून घेऊ लागला. दारावर थाप पडली आणि काकूने "कोण?" विचारलं, की बाहेरून आवाज यायचा, "साबणवाला!" रविवारी तो काकांकडेच जेवायचा. पुढे काकू गेली तेव्हा स्वयंपाकघरात भांडी विसळत सगळ्यात उशिरापर्यंत थांबलेला माणूस तोच होता.

वर्षं काय, बघता बघता जातात. दुकान बंद झालं. काका पंचाहत्तरीला टेकले. आणि एका सकाळी, दूध घेऊन परत आल्यावर, ते आपल्याच दारापुढे उभे राहिले. किल्ली हातात होती. पण कुठल्या बाजूला फिरवायची, ते आठवेना. डोळे मिटून पाहिलं. हात हवेत वर आला, उजवीकडे वळला, थांबला, डावीकडे वळला. काका पायरीवर बसले, दुधाची पिशवी मांडीवर घेऊन. केवढी भीती वाटली असेल त्या माणसाला! अर्ध्या तासाने हाताला आठवलं. पण काका समजायचं ते समजले.

त्यांनी अडगळीतली कानस काढली, आणि तीन दिवस बसून एक किल्ली घासली. दोन कोऱ्या किल्ल्या वाया गेल्या. तिसरी जमली. रविवारी साबणवाला आला. त्याचेही केस आता पांढरे झाले होते, नखं मात्र काळीच. जेवण झाल्यावर काकांनी रुमालाची पुरचुंडी त्याच्यापुढे ठेवली.

"ही ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले. "आणि ऐक. उद्या मी दार उघडलं नाही, तू कोण म्हणून विचारलं, तरी जिन्यात बसू नकोस. सरळ आत ये."

त्याने पुरचुंडी उघडून किल्ली पाहिली. मग डोळे पुसले आणि म्हणाला, "थांबा काका. माझी परीक्षा राहिलीय."

तो उठून उभा राहिला. डोळे मिटले. हवेतलं दार आधी स्वतःकडे ओढलं. मग किल्ली डावीकडे फिरवली, दीड वेढा, एकही क्षण न थांबता. आणि शेवटी खांदा पुढे करून एक धक्का दिला, अगदी काकांसारखाच, तोंडाने 'हं' करत.

डोळे उघडून तो निकालाची वाट बघत उभा राहिला.

"घरचा माणूस," काका म्हणाले, आणि त्यांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.